वॅक्सला शिव्या देण्याआधी बादलीत डोकावा

'आपल्या हवेत वॅक्स टिकत नाही हो.' पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. पाठोपाठ पुरावा येतो: लावल्यावर पहिले पंधरा दिवस पाणी कसं मोत्यांसारखं टपटपत होतं, आता बघा, सगळं पसरतंय. मग कारण सांगितलं जातं, ते म्हणजे पाऊस. शेवटी सल्ला येतो की एकदाचं सिरॅमिक कोटिंग करून टाका, पाच वर्षं बघायला नको. पुरावा, कारण आणि सल्ला एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असल्यामुळे हा युक्तिवाद भक्कम वाटतो. माझं म्हणणं असं आहे की तिन्ही चुकीचे आहेत, आणि त्यातला पुरावा सगळ्यात जास्त चुकीचा आहे.

आधी पुरावाच घेऊ. पाणी थेंब धरतं ते वॅक्सच्या अंगच्या एखाद्या गुणामुळे, असं आपण धरून चालतो. थेंब धरण्याची ओढ मुळात पाण्याची आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. खालचा पृष्ठभाग त्यांना त्याहून जास्त ओढत असेल तर पाणी पसरतं, कमी ओढत असेल तर गोळा होतं. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यावरून हे मोजतात. थॉमस यंगने या कोनाचा विचार 1805 मध्येच मांडला होता. स्वच्छ काचेवर हा कोन जवळजवळ शून्य असतो. चांगलं वॅक्स लावलेल्या रंगावर तो शंभर-एकशेदहा अंशांच्या आसपास जातो. गुळगुळीत, सपाट पृष्ठभागावर रसायनशास्त्राच्या सगळ्या करामती केल्या तरी एकशेवीसच्या फार पुढे जाता येत नाही.

जाहिरातीत पाणी पाऱ्यासारखं गडगडत जाताना दिसतं, तसं खरोखर पाहायचं असेल तर परसातल्या अळूचं पान घ्यावं. तिथे हा कोन दीडशेच्या वर जातो. कमळाच्या पानावरही तेच. जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर 1997 मध्ये कमळपानाच्या स्वच्छतेवर जो निबंध लिहिला, तो या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. या पानांवर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यावर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि थेंब त्या टोकांवर, खाली हवा अडकवून, अधांतरी बसतो. गाडीचा रंग असा खडबडीत करून चालणार नाही, कारण मग त्यात चेहरा दिसणार नाही. आणखी एक गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत: पान जिवंत असतं, झिजलेलं मेण ते बऱ्याच अंशी पुन्हा तयार करू शकतं. बॉनेटला ही सोय नाही.

आता मुद्द्यावर येतो. हा कोन ठरवतो तो फक्त सगळ्यात वरचा, रेणूंच्या एक-दोन थरांइतका पदर. त्याच्याखाली काय आहे हे पाण्याला कळत नाही. म्हणजे थेंबांची परीक्षा 'वॅक्स आहे की नाही' हे सांगत नाही. 'सगळ्यात वर काय बसलंय' एवढंच सांगते. वॅक्सवर आठवडाभराच्या धुळीची, टायरच्या काजळीची, डिझेलच्या धुराची साय बसली की पाणी त्या सायीवर पसरतं. वॅक्स खाली शाबूत असतं. साबणाचा अंश राहिला तरी तसंच होतं. साबणाचं कामच पाण्याला पसरायला लावण्याचं आहे, आणि नीट न खळबळता सुकलेल्या गाडीवर त्याचा पदर राहतोच. बोअरच्या पाण्याचा क्षार बसला तरी तसंच. गाडीच्या शाम्पूने नीट धुतल्यावर, भरपूर पाण्याने खळबळल्यावर थेंब परत आले, असं अनेकांनी पाहिलेलं असतं आणि तरी त्यातून कोणी निष्कर्ष काढत नाही. पंधरा दिवसांत वॅक्स 'गेलं' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं वॅक्स फक्त झाकलं गेलेलं असतं.

हा साक्षीदार उलट बाजूनेही खोटं बोलतो. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या गाडीवर वॅक्सचा कण नसला तरी पाणी बऱ्यापैकी थेंब धरतं, कारण रंगावरचा नवा पारदर्शक क्लिअर कोट स्वतःच पाण्याला फारसा जवळ करत नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली की परत देताना जो चकचकीत द्रव फडक्याने फिरवतात, त्यात बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. त्यानेही मस्त थेंब येतात आणि दोन-तीन धुण्यांत जातात. 'वॉश अँड वॅक्स' लिहिलेल्या शाम्पूचंही तेच. त्या थेंबांवर खूश होऊन 'आमच्याकडे वॅक्स भारी करतात' म्हणणारे ग्राहक मी पाहिले आहेत. करत काही नव्हते, पुसत होते.

बघायचंच असेल तर थेंब किती गोल आहेत हे बघू नये, पाणी कसं जातं ते बघावं. शाम्पूने धुतलेल्या बॉनेटवर नळीचं तोंड न दाबता संथ धार सोडा. पाण्याची चादर फाटून, कडा आकसत, सरसर उतरून गेली तर थर आहे. जागच्या जागी बसलेले टपोरे थेंब फोटोत सुंदर दिसतात, पण गाडीच्या दृष्टीने ते तितकेसे चांगले नाहीत. थेंब उन्हात सुकला की त्यातला सगळा कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या एका वर्तुळात जमा होतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. टँकर आणि बोअरवर जगणाऱ्या उपनगरी सोसायट्यांत गाडी धुवायला कुठलं पाणी येतं ते बाथरूमच्या नळावरच्या पांढऱ्या थराला विचारा. तेच पाणी थेंबाथेंबाने बॉनेटवर सुकू दिलं तर पांढरे डाग पडतात. ताजे असले तर पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, जुने झाले तर रंगात खड्डा करून बसतात. हे डाग पाहून लोक म्हणतात की थेंबाने भिंगासारखं ऊन एकवटून रंग जाळला. थेंब सपाट पृष्ठभागावर बसलेला असतो तेव्हा त्याचं किरणकेंद्र पृष्ठभागाच्या बरंच खाली पडतं, त्यामुळे तो जाळू शकत नाही. दोष उन्हाकडे ढकलला की गाडी न पुसता सोडली हे सांगावं लागत नाही, एवढाच त्या समजुतीचा फायदा.

आता कारण. पावसाने वॅक्स धुऊन जातं म्हणे. मेण पाण्यात विरघळतं का, हा प्रश्न दुसरीतल्या मुलालाही विचारता येईल. मुंबईत चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस कोसळतो हे खरं, पण पावसाचं पाणी हे गाडीला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यांपैकी सगळ्यात मऊ पाणी असतं. आकाशातून पडणाऱ्या पाण्याने वॅक्स जात नाही. ते जातं पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या चिखलाने, त्यातल्या वाळूने आणि मुख्य म्हणजे तो चिखल काढायला आपण जे करतो त्याने.

विरोधी पक्षाची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: ऊन. कार्नोबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. तिथल्या कोरड्या वाऱ्या-उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली ती व्यवस्था आहे. पानं वाळवून, झोडपून ते मेण झाडून घेतात. निसर्गात मिळणाऱ्या मेणांमध्ये ते सगळ्यात कठीण, 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळणारं. शुद्ध कार्नोबा विटेसारखं टणक असतं, ते हाताने गाडीला लावणं अशक्य. म्हणून डबीत त्याबरोबर द्रावकं, तेलं आणि मऊ मेणं असतात. 'शंभर टक्के कार्नोबा' या अक्षरांचा अर्थ आत जो काही कार्नोबा आहे तो शंभर टक्के कार्नोबा आहे, इतकाच घ्यायचा. एप्रिल-मेमध्ये विदर्भात उघड्यावर उभ्या काळ्या गाडीचा टप सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तिथे हे मिश्रण मऊ पडतं, धूळ धरून ठेवतं, अतिनील किरणांनी विटतं. त्यामुळे नुसत्या कार्नोबावर नागपूरचा उन्हाळा काढायचा म्हटला तर तो निघत नाही. पण याला उत्तर त्याच फळीवर शेजारी ठेवलेलं असतं: कृत्रिम पॉलिमरचं सीलंट. चमक किंचित काचेसारखी, कार्नोबाची ऊब नाही, पण उष्णता आणि साबण दोन्ही त्याहून जास्त सोसतं आणि नीट लावलं तर आठवड्यांऐवजी महिन्यांत मोजावं लागतं.

नीट लावलं तर. इथे बहुतेकांचं वॅक्स लावण्याच्या दिवशीच मरतं. धुतलेल्या गाडीवर प्लास्टिकची पातळ पिशवी बोटांवर चढवून हात फिरवून बघा, खरखर लागेल. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, रेल्वेमार्गाजवळ राहत असाल तर रुळांवरून उडालेले, शेजारी ग्रिलचं वेल्डिंग झालं असेल तर तिथले, असे सगळे कण क्लिअर कोटमध्ये रुतून बसलेले असतात. शाम्पूने ते निघत नाहीत. लोखंड विरघळवणारं द्रव्य फवारलं की ते जांभळं होऊन ओघळायला लागतं, आणि उरलेलं क्ले बारने, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या मऊ वडीने, भरपूर ओलावा ठेवून उचलावं लागतं. त्यानंतर मागच्या पॉलिशचं तेल पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचं. वॅक्सला चिकटायला रंग लागतो. आपण ते धुळीला, तेलाला आणि गंजाला लावतो आणि धूळ, तेल, गंज निघाले की त्यांच्याबरोबर ते निघून जातं. मग डबीवरच्या कंपनीला नावं ठेवायला आपण मोकळे.

दुसरी हौस म्हणजे जाड लावण्याची. पैसे दिलेत, तर दिसलं पाहिजे. वॅक्सचा जो थर खरोखर टिकतो तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. बाकीचं सगळं तुम्ही पुसून फडक्यात घेता. दुसरा हात देण्यात अर्थ आहे, पण तो जाडीसाठी नाही, पहिल्या हातात सुटलेल्या जागा भरण्यासाठी. उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावलं तर पसरायच्या आत सुकतं. आणि सीलंट लावून संध्याकाळी पावसात गाडी काढली तर त्याला धरायला वेळच मिळत नाही. बारा ते चोवीस तास कोरडं ठेवा असं बहुतेक डब्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला चष्मा लागतो हे खरं आहे.

पण हे सगळं बिनचूक केलं तरी पुढे बादली उभी असते, आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. पहाटे पाचला सोसायटीत गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाकडे एक बादली असते, एक फडकं असतं आणि रांगेने गाड्या असतात. पहिल्या गाडीची धूळ दुसरीवर, दोन्हींची तिसरीवर. धूळ म्हणजे काय, तर शेजारी चाललेल्या बांधकामाची वाळू, सिमेंट, रस्त्याची खडी. वाळूतलं क्वार्ट्झ गाडीवरच्या कुठल्याही क्लिअर कोटपेक्षा कठीण. ही वाळू रोज, वर्षाचे तीनशेहून जास्त दिवस, ओल्या फडक्याने गोल गोल घासली जाते. उन्हात तिरप्या नजरेने बॉनेटकडे पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या रेघा दिसतात त्या इथून आलेल्या. रविवारी 'नीट' धुवायची म्हणून बादलीत कपड्यांची पावडर पडते. ती घामट कॉलरचं तेल कापण्यासाठी बनवलेली, चांगलीच अल्कधर्मी. ती वॅक्सवर दया दाखवेल अशी अपेक्षा कशी करायची? रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरमध्ये डांबराचे ठिपके रॉकेल किंवा डिझेलने पुसतात. मेण पाण्यात विरघळत नाही हे वर म्हटलं. रॉकेलमध्ये मात्र ते छान मऊ होऊन निघून येतं. आणि ज्यांना पाणी वाचवायचं असतं ते कोरड्या गाडीवर झुपकेदार डस्टर फिरवतात, म्हणजे मधलं पाणीसुद्धा काढून टाकून थेट वाळू घासतात.

यात पहाटे येणाऱ्या माणसाची चूक मला दिसत नाही. महिन्याला काही शे रुपयांत रोज गाडी पुसून हवी ही मागणी आपली आहे. त्याने पाणी बदलायचं म्हटलं तर सोसायटीचा सेक्रेटरी नळ बंद करतो. आठवड्यातून दोनदाच, पण दोन बादल्यांनी आणि प्रत्येक गाडीला वेगळ्या मायक्रोफायबरने धू, पैसे तेवढेच घे, असं सांगणारा मालक त्याला भेटत नाही, कारण सकाळी खाली उतरल्यावर काचेवर ओल दिसली नाही तर मालकाला फसवल्यासारखं वाटतं.

आता तो सल्ला. सिरॅमिक कोटिंग ही भोंदूगिरी आहे असं मी म्हणणार नाही. सिलिकावर आधारलेला तो थर रंगाला वॅक्सपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, साबण पचवतो आणि खरोखर जास्त टिकतो. माझी तक्रार 'बघायला नको' या दोन शब्दांबद्दल आहे. विकताना जो '9एच' कठीणपणा सांगतात तो पेन्सिलीचा आहे. ठरावीक कोनात, ठरावीक दाबाने शिशाच्या पेन्सिली ओढून बघतात आणि त्या संचातली सगळ्यात कठीण पेन्सिल 9एच असते. म्हणजे सगळ्यात टणक पेन्सिलीने ओरखडा आला नाही, इतकंच. ऐकणाऱ्याला मात्र हिऱ्याला दहा देणारी मोजपट्टी आठवते आणि वाटतं, नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. वाळूला पेन्सिलीशी देणंघेणं नाही. तीच बादली, तेच फडकं सिरॅमिकवरही त्याच रेघा काढतं, तेच बोअरचं पाणी तेच डाग पाडतं, त्याच क्षारांखाली त्याचेही थेंब मरतात. मग मालक परत जातो तेव्हा कळतं की वॉरंटी ठरावीक महिन्यांनी पैसे भरून करायच्या 'मेंटेनन्स'वर टांगलेली होती. त्या मेंटेनन्समध्ये काय करतात? नीट धुतात, लोखंड काढतात, क्षार काढतात. हेच वॅक्सच्या मालकाने केलं असतं तर त्याचं वॅक्सही टिकलं असतं.

शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना गळ्यात मारतात त्या 'टेफ्लॉन कोटिंग'वर जास्त शब्द घालवत नाही. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, 1938 मध्ये डुपाँटमध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेलं. ते वितळतं 327 अंशांना, आणि तव्यावर त्याचा अखंड थर बसवायला तशीच भट्टी लागते. गाडीचा क्लिअर कोट कारखान्यात साधारण दीडशेच्या आतबाहेर भाजलेला असतो. सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये तासाभरात स्पंजाने फिरवलेल्या द्रवात पीटीएफईची पूड असेलही, पण तव्यावर बसतो तसा थर तिथे तयार होणार नाही.

'रंगाला खाद्य द्यायला वॅक्स हवंच' असंही एक घराणं आहे, आणि ते आपल्याच बाजूचं असल्याने त्याला टोकलं पाहिजे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात त्यात तथ्य होतं. त्या रंगावर क्लिअर कोट नसे, रंग उघडा विटायचा, पॉलिश करताना फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं, आणि मेणाने त्या कोरड्या पडलेल्या पदराला खरोखर जीव यायचा. आजचा क्लिअर कोट म्हणजे आतून जाळं विणून पक्कं झालेलं प्लास्टिक आहे. ते काही खात नाही. जुन्या पिढीतले मेकॅनिक अजूनही दर सहा महिन्यांनी 'रबिंग-पॉलिश' करून घ्या म्हणतात, त्यांना सांगायला हवं की तो अख्खा थर जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षा कमी, आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला थोडा कायमचा जातो.

मग वॅक्स कशाला? मिळणाऱ्या वेळेसाठी. जांभळाच्या झाडाखाली गाडी लावली आणि वटवाघळांनी रात्रभर मेजवानी केली, कावळ्याची विष्ठा टळटळीत उन्हात रंगावर भाजली गेली, दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढून वर ओल्या झेंडूचा हार चढवला, तर वॅक्स ते अडवत नाही. डाग रंगात शिरायला लागणारा वेळ वाढवतं. सकाळी पडलेलं दुपारपर्यंत ओल्या फडक्याने उचललं तर निघतं. या कामासाठी फार थाटही लागत नाही. मेमध्ये पावसाच्या तोंडावर एकदा सावलीत, सकाळी, स्वच्छ केलेल्या रंगावर सीलंटचा पातळ हात. पावसाळ्यात धुऊन झाल्यावर ओल्या अंगावरच मारायचं एखादं स्प्रे वॅक्स, महिन्यातून एकदा. ऑक्टोबरात पावसाळ्याची काजळी आणि लोखंड काढून पुन्हा सीलंट, आणि दिवाळीत गाडी मिरवायचीच असेल तर त्याच्यावर कार्नोबा. तो महिनाभरच दिसेल, पण त्याला आणलेला असतो तो दिसण्यासाठीच.

एवढा वेळ कुणाला आहे, हा आक्षेप येणार आणि तो खरा आहे. तर मग वॅक्स लावू नका, सिरॅमिकही करू नका. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं कारखान्यातच क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असतात आणि वर काही लावलं नाही तरी ती बरीच वर्षं काम करतात. वॅक्सचे पैसे पहाटे येणाऱ्या माणसाला द्या, त्याला दुसरी बादली, गाडीचा शाम्पू आणि तुमच्या गाडीपुरती दोन मायक्रोफायबर फडकी घेऊन द्या, आणि रोज पुसायचं बंद करायला सांगा. धुळीत उभी असलेली गाडी धुळीने झिजत नाही. सेक्रेटरीशी नळावरून जे भांडण करायचं ते मात्र तुमचं तुम्हाला करावं लागेल.